न्हाऊ घालणारे हात

निर्मलाबाई उंबऱ्याच्या आत आली नाही आणि माझे हात तान्ह्या भूमिकेभोवती आवळले गेले. ह्या दोन गोष्टींतली आधी कुठली घडली, ते मला सांगता येणार नाही. एरवी तिला न्हाऊ घालायला येताना ती दार ढकलतानाच बोलत येते. चपला कोपऱ्यात भिरकावते, पदर खोचते, माझ्याकडे न बघता माझ्या मुलीला विचारते, "काय व राणी, उठनी का?" आणि उत्तराची वाट न बघता न्हाणीत जाऊन बंबातल्या पाण्यात कोपर बुडवते. आज चपला पायातच होत्या. हात पदराखाली होते. थंडीमुळे असतील, असं मी स्वतःला सांगितलं. थंडी होतीच, पण बाहेर ऊन पडलं होतं, उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडे चालले होते आणि त्या उन्हात ती नुसती उभी होती. "मयूरीताई," ती म्हणाली, "आते तूच सांग. मधमा येऊ का आठेथीनच जाऊ?" स्वयंपाकघरातली भाकरीची थापथाप थांबली. सासूबाई ऐकत होत्या. गॅसवर वाटीतलं तिळाचं तेल तापलं होतं, लसणाची पाकळी त्यात काळी पडत चालली होती, तिचा वास मला येत होता, जाऊन गॅस बंद करायला हवा होता. आणि मी तिथंच, भूमिकेचं डोकं हनुवटीखाली धरून, तिच्या टाळूवर लागणारा तो बारीक ठोका मोजल्यासारखा ऐकत होते. "त्या जुळास्नी मायनी दारच उघडं नही," निर्मलाबाई पुढे बोलत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाची गंमत सांगते आहे. "खिडकीमाईन म्हने, मावशी, आते राहू द्या. आते म्हंजे कवयलोंग, ते बी नही सांगं." ती हसली. मिश्रीनं काळे झालेले दात दिसले. मग हसू संपलं, आणि तिनं माझ्या हातांकडे बघितलं, आवळलेल्या.

मला सगळे भित्री म्हणतात. सासूबाई वहमी म्हणतात, नवरा, हेमकांत, वॉचमन म्हणतो. केळीच्या गाड्या भरून तो रात्री घरी येतो तेव्हा मी पाळण्याशी वाकलेली असते, बाळाच्या नाकाखाली बोट धरून. श्वास बोटाला लागला की सरळ व्हायचं, पाणी प्यायचं, आडवं व्हायचं, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठायचं. हे भूमिका झाल्यापासून सुरू झालं असं घरातले समजतात. खरं तर माझी नोकरीच अशी होती. बडोद्याला, औद्योगिक भट्ट्या बनवणाऱ्या एका कंपनीत, इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन मी लागले आणि पहिलं काम मिळालं ते ज्योतीवर नजर ठेवणाऱ्या यंत्राचं. भट्टीतली ज्योत विझली तर ते यंत्र क्षणात गॅस तोडतं. ज्योत जळते आहे तोवर ते काहीच करत नाही, नुसतं बघतं. आमचे साहेब म्हणायचे, हे यंत्र दिवसभर बसून खातं असं लोकांना वाटतं. मला ते यंत्र आवडायचं. पुढे लग्न झालं, शहाद्याला आले, भूमिका झाली, आणि रात्री पाळण्याशी वाकताना मला कधी कधी वाटायचं की आता ते यंत्र मीच आहे. ज्या रात्री काहीच होत नाही ती रात्र मी काहीतरी केल्यामुळे तशी गेली, हे कुणाला पटवून देणार? सकाळी सगळे म्हणतात, झोपली ना छान पोर, उगाच जागतेस.

बडोद्याच्या कंपनीचा फोन आला तेव्हा भूमिका नुकती पालथी पडायला लागली होती. गोमाई नदीच्या काठावर गॅसची शवदाहिनी बसली होती, चालवणारी माणसं गावातलीच घ्यायची होती, त्यांना शिकवायला कुणीतरी मराठी बोलणारं आणि जवळ राहणारं हवं होतं. मी हो म्हणून टाकलं आणि मग घरात सांगितलं. "तान्हं लेकरू पदरमा शे, अन् तू मसनमा जाशी?" सासूबाईंचं नाव तापीबाई; त्या चिडल्या की नदीसारख्या चिडतात, आवाज न करता, पण अडवता येत नाहीत. "बाईमानूस जास का तठे? आमनामा ते मयतना मांगे बी बाया नदीलोंग जातस नहीत." हेमकांत म्हणाला, आई, तिथं मयत नाहीये, नुसतं मशीन आहे, ती मशीन शिकवणार.  मशीन नुसतं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. शेवटी तडजोड झाली ती अंघोळीवर. परतल्यावर मागच्या दारानं यायचं, परसातल्या मोरीत डोक्यावरून पाणी घ्यायचं, कपडे तिथंच भिजवायचे, मगच बाळाला हात लावायचा. मला ते सोयीचंच होतं. धूळ, तेल, भट्टीचा वास अंगावर घेऊन मी तिला घेतलंच नसतं. एकाच बादलीतल्या पाण्यानं सासूबाईंचा विटाळ जायचा आणि माझी भीती, आणि दोघींनी एकमेकींना त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

शिकायला आला तो रूपसिंग. धडगावकडचा पावरा आदिवासी, गाळप हंगामात कारखान्याच्या बॉयलरवर काम केलेला, खांदे दारासारखे रुंद आणि बोलणं मोजकं. आगीला तो घाबरत नव्हता, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटली. बॉयलरवाल्याची सवय अशी की आगीचं दार उघडून आत बघायचं, चिपाड नीट जळतंय का ते. पहिल्या चाचणीला त्यानं तसाच हात दाराच्या कडीला घातला आणि मी ओरडले; इतक्या जोरात, की बाहेरच्या लिंबावरचे बगळे उडाले. "दार नाही उघडायचं रूपसिंगभाऊ! काचेतून बघायचं. दार एकदाच, सुरुवातीला." तो ओशाळला नाही. "सवय आहे ताई," म्हणाला, "सवय मोडायला वेळ लागेल." लागला. आधी हवा, मग ज्योत, हे मी त्याच्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं, की ते वाक्य मी भूमिकेला झोपवतानाही गुणगुणू लागले. आत गॅस साचलेला असू शकतो, वास येईलच असं नाही, म्हणून आधी पंखा, आतली सगळी हवा बाहेर, आणि मगच ठिणगी. घाई करणारे नातेवाईक असतील, वरून नगरसेवकाचा फोन येईल, तरी आधी हवा. आणि बोलायचं कसं, तेही शिकवायचं होतं. बॉडी म्हणायचं नाही. नंबर म्हणायचा नाही. नाव विचारून घ्यायचं आणि नावानं बोलायचं. हात लावायच्या आधी सांगायचं, हात लावतो म्हणून. "मेलेल्याला?" रूपसिंगनं विचारलं. "मेलेल्याला," मी म्हणाले. त्यानं थोडा विचार केला. "आमच्यात पण सांगतात," म्हणाला. मला बरं वाटलं; ही गोष्ट मी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती. पाळण्यातलं बाळ दचकू नये म्हणून मी उचलण्याआधी बोलते, त्यावरून मला ती सुचली होती.

सगळ्यात अवघड निघालं ते वेगळंच. बंद असलेली कुठलीही वस्तू त्या उष्णतेत फुटते. नारळ फुटतो, घड्याळाचा सेल फुटतो, छातीत बसवलेलं यंत्र तर दाहिनीची आतली भिंत फोडतं, आणि काचेशी कुणी उभं असेल तर त्याचे डोळे जातात. आणि आपल्याकडे माणसाला रिकामं कोण पाठवतं? मी रूपसिंगला विचारलं, तर तो म्हणाला, "माणसाची वस्तू माणसासंगे जाते. माझ्या आज्यासंगे त्याचा तीरकामठा गेला." मग आम्ही दोघं आठवत बसलो. चुन्याची डबी. तपकिरीची डबी. आवडीचा रेडिओ, सेलसकट. एका म्हातारीबरोबर म्हणे औषधाच्या बाटल्या दिल्या होत्या, वाटेत लागतील म्हणून. आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचं देवघर आलं: खालच्या फळीवर तांब्याची ती चपटी लोटी, तोंड कथलानं झाळून बंद केलेली, आत कुठल्या तरी जुन्या यात्रेतलं गंगाजल. शहाद्यात, प्रकाशा गावी, तापीकाठच्या कुठल्याही गावात, प्रत्येक देवघरात ती असते. शेवटच्या घोटासाठी ठेवलेली. आणि शेवटच्या घोटाला ती फोडायची घाईत राहून गेली, तर लोक ती काय करतील? कंपनीच्या पुस्तकात पेसमेकर होता, दारूची बाटली होती, लोटी नव्हती. मी ती स्वतःच्या हातानं त्यात घातली, ठळक अक्षरांत. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, माझा वहम आज कुठंतरी नीट बसला, खिळ्यावर कंदील बसतो तसा.

पण तपासायचं कुणी? विचारलं तर लोक नाही म्हणतात, आणि खरंच नाही असं त्यांना वाटत असतं. हातानं चाचपूनच बघायला हवं, डोक्यापासून पायापर्यंत, कफनावरून. रूपसिंग तयार झाला, पण पुरुषांपुरता. "बाईच्या अंगाला मी हात नाही लावणार, ताई. नोकरी गेली तर जाऊ दे." त्याला मी काय सांगणार होते? मलाही तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीच्या दारात उभी होते, नेहमीसारखी. निर्मलाबाई भूमिकेला न्हाऊ घालते तेव्हा मी दारातून हलत नाही. पाणी कान चुकवतंय ना, मान सावरलीय ना. ती मला चिडवते, "काय व, मी काय वांगं धुई ऱ्हायनी का?" त्या दिवशी न्हाणं झालं, धुरी झाली, आणि भूमिकेला गुंडाळण्याआधी तिनं पाटावर अंथरलेल्या दुपट्यावरून दोन्ही तळवे उघडे ठेवून, सावकाश, वरून खाली हात फिरवले. हे ती रोज करायची. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "लेकरूना खाले काय शे, ते डोयाले नही दिखस, हातले दिखस. टाचनी ऱ्हास, मुंगी ऱ्हास." मी त्या हातांकडे बघत राहिले. मला जे हवं होतं ते माझ्याच घरात, तेलानं चमकत होतं.

तिला ह्या कामाचं विचारलं तेव्हा ती आधी हसली, मग तिनं विचारलं, "माले ते गयामा घालानं कार्ड भेटी का? फोटोवालं?" मिळेल म्हटलं. "फोटो नवा काढाले लागी. जुनामा मी बारीक दिखस." आणि ती आली. नम्र वगैरे काही नाही, पहिल्या दिवसापासून रूपसिंगवर आवाज चढवत. "मन्हा हातखालथीन गयेलं एक लेकरू कवय रडीसन आजारी पडं का, इचार गावले." हातमोज्यांवरून आमचं भांडण झालं. मोजा घालून हाताला काय दिसणार, असं तिचं म्हणणं. मी गोधडीत कापूस भरून माणूस केला, त्यात खिळा, नारळ, घड्याळाचा सेल आणि भांड्याच्या दुकानातून झाळून आणलेली रिकामी लोटी लपवली आणि पातळ मोजे घालून शोधायला सांगितलं. लोटी, नारळ, खिळा तिनं लगेच काढले आणि मोठ्या ऐटीत उभी राहिली. सेल राहिला. तिनं मानलंच नाही, कापूस उपसून दाखवला तेव्हा गाल फुगवून बसली. मग रोज घरी जाण्यापूर्वी ती म्हणायची, लपाड. मी लपवायची. तिचं चुकत होतं ते हात उचलण्यात. बाळ लहान असतं, तळवा एकदा ठेवला की पुरतं, मोठ्या अंगावर तो उचलून पुढे ठेवताना मध्ये जागा सुटते. मी तिला हात न उचलता सरकवायला शिकवलं, एक तळवा थांबलेला, दुसरा सरकणारा, पाल भिंतीवर चालते तसं. ज्या दिवशी सेल सापडला त्या दिवशी तिनं सेल माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली. मला तेव्हा कॉलेजात पदवी घेतानाही वाटलं नव्हतं इतकं काहीतरी वाटलं, छातीत दूध दाटतं तसं, दुखतं आणि हवंही असतं. घरी मात्र मी सांगितलं नाही. सासूबाईंना वाटत होतं, निर्मलाबाई दुपारी दुसऱ्या गल्लीतली बाळं करते.

आणि काल पहिल्यांदा दाहिनी खरी पेटायची होती. झमकूबाई गेल्या, कापडाच्या दुकानवाल्या मांगीलालशेठच्या पत्नी, पारसच्या आई. लाकूड नको, धूर नको, असं त्या स्वतःच सांगून गेल्या होत्या म्हणे. अर्धं शहादं गोमाईवर आलं होतं, बघायला. काही चुकलं असतं, नुसता एक आवाज आतून झाला असता, तर पुढली कित्येक वर्षं कुणी आपलं माणूस तिथं आणलं नसतं, रूपसिंग परत डोंगरात गेला असता आणि निर्मलाबाईचं कार्ड खुंटीला लागलं असतं. काम दोघांनीच करायचं, मी काचेच्या अलीकडे, यंत्रांच्या खोलीत उभं राहायचं, असं ठरलं होतं. मीच ठरवलं होतं. काच जाड होती, पण भिंतीला माणसांचं बोलणं ऐकू यायला झरोका होता. तिरडी उतरवली, हार काढले, निर्मलाबाई पुढे झाली आणि पारसनं हात आडवा घातला. "आमच्यात माँजींना परकं कुणी हात लावत नाही. नळी नाही, मशीन नाही, काही नाही त्यांच्यापाशी. आम्हीच नेसवलंय." मागे कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, ही तर पोरं न्हाऊ घालणारी ना? माझा हात दाराच्या मुठीवर गेला. बाहेर जावं, समजावावं, शिकलेल्या बाईचं लोक ऐकतात. मूठ थंडगार होती. मी ती फिरवली नाही. का, ते नक्की सांगता येत नाही; पालथं पडायला धडपडणाऱ्या पोरीला मी बोट लावलं की ती रडायची, ते आठवलं एवढंच.

"पारसभाऊ," निर्मलाबाई म्हणाली, तिचा आवाज एरवीपेक्षा खाली होता, "तुन्ही मायना गुडघा कोन चोळे? मीच ना? थंडीमा रोज येऊ मी. जीती व्हती तवय हाईच हात व्हतात. आज परका कसा व्हयनात?"  पारसचा हात आपोआप खाली आला. तिनं मोजे घातले, सगळ्यांना दिसतील असे, एकेक बोट ओढून. मग वाकली. "झमकूमाय," म्हणाली, "जरासा हात लावस हं. घाबरू नको." आणि तळवे ठेवले. डोक्याशी. एक थांबलेला, एक सरकणारा. खांदे, छाती. मागची कुजबुज थांबली होती. रूपसिंग मान खाली घालून उभा होता. डाव्या काखेशी हात थांबला. परत मागे आला, पुन्हा थांबला.  काचेवर माझा श्वास उमटत होता आणि मला तो पुसावा लागत होता. तिनं पारसकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं काही न म्हणता, त्याला जवळ बोलावून कानाशी काहीतरी विचारलं. पारसचा चेहरा पडला. मग तो लहान मुलासारखा रडायला लागला. "मीच ठेवली," म्हणाला. "हरिद्वारची आहे. तोंडात घालायची होती, तोवर गेली. तिला तशीच कशी पाठवू?" निर्मलाबाईनं कफन सैल केलं तेही कसं, एका हातानं आडोसा धरून, लोटी काढली आणि रूपसिंगच्या हातात दिली. त्यानं पकडीनं झाळलेलं तोंड सोडवलं. आता पाणी पाज, ती पारसला म्हणाली, आते पाज, येळ गयेल नही. आणि त्यानं आईच्या ओठांवर पाणी घातलं, सगळ्यांसमोर, सावकाश, उरलेलं पायांवर. मागून कुणीतरी हरी हरी म्हटलं. रिकामी लोटी निर्मलाबाईनं त्याच्या खिशात ठेवली. "हाई घर ली जाय. आते हाई निसती लोटी शे."

मग रूपसिंग पुढे आला. मला ऐकू यावं म्हणून की स्वतःला, कोण जाणे, पण तो मोठ्यानं म्हणाला, "आधी हवा." पंखा सुरू झाला. मी काटे बघत होते. खरं तर मी त्याचे ओठ बघत होते. कुणीतरी म्हणालं, अरे लवकर करा. त्यानं वळूनही बघितलं नाही. हवा पुरी झाली, ज्योत लागली, दार उघडलं, झमकूबाई आत गेल्या, दार मिटलं. त्याचा हात कडीकडे गेला आणि वाटेत थांबला, आणि तो दाहिनीच्या काचेपाशी जाऊन उभा राहिला. मी वाट बघत राहिले. दुसरं काही राहिलं असेल तर आवाज होईल. आता होईल. आता. आतून फक्त वाऱ्यासारखा एकसारखा घुमारा येत होता, दूरच्या गिरणीसारखा. लोक थोडा वेळ थांबले, बघण्यासारखं काही नाही म्हणून पांगले. धूर नव्हता, ज्वाळा नव्हत्या. एक म्हातारा जाता जाता म्हणाला, "ह्यामा काय एवढं? निसतं बटन शे." मला हसू आलं आणि मी त्या यंत्रांच्या खोलीत एकटीच हसले. काहीच झालं नव्हतं. पुरतं, सुरेख, काहीच झालं नव्हतं, आणि ते आम्ही तिघांनी केलं होतं.

हे सगळं कालचं. संध्याकाळी मी मागच्या दारानं आले, अंघोळ केली, भूमिकेला घेतलं, आणि सासूबाईंच्या तोंडावरून कळलं की बातमी माझ्याआधी घरी पोचली आहे.  आणि आता निर्मलाबाई दारात होती आणि माझे हात आवळलेले. मला सगळं ठाऊक होतं. मोजे होते, साबण होता, मीच तिला कोपरापर्यंत हात धुताना बघितलं होतं, नखांतून ब्रश फिरवताना. तरी भूमिकेच्या टाळूचा तो मऊ खळगा, जिथं अजून हाड धरलेलं नाही, तिथं ती रोज तेल जिरवते, आणि काल त्याच तळव्याखाली झमकूबाईंचं डोकं होतं. ठाऊक असणं आणि हात सैल होणं यांच्यामध्ये एक उंबरा असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी उभ्या होतो. "तिले म्हन, आज थकेल व्हशी, घर जाय," सासूबाई आतून म्हणाल्या.  तेल करपल्याचा वास आला. मग सासूबाईच बाहेर आल्या, पिठाचे हात तसेच, आणि त्या हातांत आमच्या देवघरातली लोटी होती. "हाई फोड," त्या मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तिन्हा हातवर जराशी टाक. मंग मन्ही काही ना नही. मी मन्ही सोय दुसरी करसू." त्यांच्या सासूनं काशीहून आणलेली ती लोटी. दर अमावस्येला त्या ती चिंचेनं घासतात. त्या ती नातीच्या न्हाण्यासाठी देत होत्या, स्वतःचा शेवटचा घोट. आणि मला वाटलं, संपलं, सुटलं, ह्याहून चांगला मार्ग नाही.

निर्मलाबाईनं पदराखालून हात बाहेर काढले. पुढे केले नाहीत, कमरेवर ठेवले. "नही, तापीबाई," ती म्हणाली. "ते पानी तुले ठेव. मन्हा हात साबूवरी धुयेल शेतस. काल मी काय चोरी करी का? चांगलं काम करं मी. आख्खा गावनी देखं. त्यानावर पानी कसाले टाकस?" तिची हनुवटी वर होती, कार्डावरच्या नव्या फोटोत आहे तशी. "ज्यास्ले नको त्यास्नी नको म्हना. पन धुईसन घेवाव नही मी." रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, गाणं वाजवत. मला काल दाराची ती थंडगार मूठ आठवली. तिथं न फिरवणं हे माझं काम होतं. इथं उलट होतं. भूमिका हातात चुळबुळत होती, तिला निर्मलाबाई दिसली होती आणि न्हाण्याची वेळ टळत होती, तिनं दोन्ही हात तिच्याकडे टाकले. मी पुढे झाले. दाहिनीवर कामाआधी रोज करते तसं मी निर्मलाबाईचे हात माझ्याकडे वळवले, नखं बघितली, तळवे बघितले. ती समजली, तिनं बोटं फाकवून दाखवली, जरा जास्तच. "स्वच्छ," मी म्हणाले. मोठ्यानं, सासूबाईंना, रस्त्याला, मला स्वतःला ऐकू जाईल असं. आणि माझी मुलगी तिच्या हातांत दिली.

ती चपला भिरकावून आत आली. "काय व राणी, तुन्ही मायनी तेल जायी टाकं ना! आते दुसरं तपाड, मयूरीताई, उभी का शेस?" न्हाणीतून बंबाचं झाकण वाजलं, कोपर बुडाल्याचा तो ओळखीचा बुडबुड आवाज आला. सासूबाई लोटी धरून तशाच उभ्या होत्या. मग त्या न्हाणीच्या दाराशी गेल्या, जिथं एरवी मी उभी असते, आणि जरा वेळानं, दुसऱ्याच कुणाची चौकशी केल्यासारखं विचारलं, "निर्मला, मन्हा येळे कोनी हाई मन्हा संगे ठी दिन्ही, ते तू काढशी का?" "काढसू ना," आतून उत्तर आलं. "कंबरले खोसेल चावीसकट काढसू. तू कोठे लपाडशी ते बी माले माहीत शे." सासूबाई हुंकारल्या. तो राग होता की हसू, त्या पाठमोऱ्या असल्यानं मला कळलं नाही. त्या लोटी परत देवघरात ठेवून आल्या आणि भाकरीची थापथाप पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात पहिला तांब्या पडला आणि भूमिका रडली, रोज रडते तशी, सगळं घर दणाणेल इतक्या जोरात. माझे पाय न्हाणीकडे वळले. कान चुकवतंय ना पाणी. मान सावरलीय ना. मी तिथंच थांबले. मग गॅसशी गेले, करपलेलं तेल ओतून टाकलं, वाटी पुसली, नवं तेल घातलं, त्यात लसणाची पाकळी ठेचून टाकली, आणि न्हाणीकडे पाठ करून ती तांबूस होण्याची वाट बघत उभी राहिले.